एकावर एक दोन रंगमंच : टोरांटोचे एल्गिन आणि विंटर गार्डन

कॅनडातील टोरांटो शहराच्या मध्यवर्ती भागातून जाणारा यंग स्ट्रीट हा त्या देशातील सर्वांत गजबजलेल्या रस्त्यांपैकी एक. या रस्त्याच्या पूर्वेकडील बाजूस, ईटन सेंटर या प्रचंड व्यापारी संकुलासमोर, १८९ क्रमांकाची इमारत आहे. रस्त्यावरून पाहणाऱ्यास तिचा दर्शनी भाग फारसा रुंद वाटत नाही. दुकानांच्या ओळीत एक प्रवेशद्वार आणि त्यावर दिव्यांनी उजळलेली पाटी, एवढेच नजरेस पडते. मात्र या दाराच्या मागे दोन स्वतंत्र नाट्यगृहे आहेत आणि तीही एकाच्या डोक्यावर दुसरे अशी रचलेली. तळाशी सोनेरी नक्षीकामाने मढवलेले 'एल्गिन' आणि सात मजले वर झाडापानांनी आच्छादलेले 'विंटर गार्डन'. एडवर्डियन काळात उभारलेले आणि अद्याप प्रयोग होत असलेले असे दुमजली नाट्यगृह जगात हे एकच उरले असल्याचे मानले जाते.

ही वास्तू १९१३-१४ मध्ये उभी राहिली ती 'व्हॉडव्हिल' या करमणुकीच्या प्रकारासाठी. तो प्रकार पुढच्या वीस वर्षांत अस्तंगत झाला. वरचे नाट्यगृह १९२८ साली बंद झाले आणि त्याचे दार प्रेक्षकांसाठी पुन्हा उघडले ते १९८९ साली, तब्बल ६१ वर्षांनी. तिच्याबरोबरीच्या कित्येक नाट्यगृहांवर दरम्यानच्या काळात पहार पडली. ही इमारत कशी वाचली, तिला सावरण्यासाठी काय करावे लागले आणि आज तेथे गेल्यास काय पाहावयास मिळते, याचा हा आढावा.

व्हॉडव्हिल म्हणजे काय?

'व्हॉडव्हिल' हा शब्द मूळचा फ्रेंच. अमेरिकेत मात्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो विविध करमणुकीच्या कार्यक्रमाला चिकटला. एका खेळात साधारणपणे आठ-नऊ स्वतंत्र कार्यक्रम असत. गायक, नर्तक, विनोदी जोडगोळ्या, जादूगार, कसरतपटू, शिकवलेले प्राणी, एखादा छोटा नाट्यप्रवेश, असे सगळे एका तिकिटात. त्यांचा एकमेकांशी काही संबंध नसे आणि सलग कथानकही नसे. आपल्याकडील तमाशात गण, गवळण, बतावणी आणि वग यांना एक ठरलेला क्रम असतो. व्हॉडव्हिलमध्येही क्रम असे, पण तो निव्वळ व्यवहाराच्या हिशेबाने लावलेला. पहिला कार्यक्रम शक्यतो संवादाविना चालणारा, कसरतीचा किंवा प्राण्यांचा ठेवत. कारण त्या वेळी प्रेक्षक अजून जागा शोधत असत आणि बोललेले ऐकू येण्याची शाश्वती नसे. सर्वांत नामवंत कलावंताला अखेरच्या कार्यक्रमाच्या आधीची जागा मिळे. शेवटचा कार्यक्रम पुन्हा बिनसंवादाचा असे, कारण तोवर लोक उठू लागलेले असत.

न्यूयॉर्कमध्ये टोनी पास्टर यांनी १८८१ पासून स्त्रिया व मुले निःसंकोचपणे येऊ शकतील असे 'स्वच्छ' खेळ सुरू केले. बोस्टनमध्ये बेंजामिन कीथ यांनी १८८० च्या दशकात दिवसभर अखंड चालणाऱ्या खेळांची प्रथा पाडली. पुढे नाट्यगृहांच्या मोठमोठ्या साखळ्या तयार झाल्या. कलावंत एका शहरात आठवडाभर खेळ करून पुढच्या गावची गाडी पकडत. पहिल्या फळीच्या नाट्यगृहांत दिवसाला दोनच खेळ होत; दुय्यम फळीच्या नाट्यगृहांत तीन किंवा त्याहून अधिक, आणि सोबतीला मूकपट.

या करमणुकीची एक काळी बाजूही सांगितली पाहिजे. गोऱ्या कलावंतांनी तोंडाला काजळी फासून कृष्णवर्णीयांची टिंगल करणे हा त्या काळी सर्रास चालणारा प्रकार होता. प्रत्यक्ष कृष्णवर्णीय कलावंतांना मात्र मोठ्या साखळ्यांत मोजकीच संधी मिळे आणि अमेरिकेतील अनेक नाट्यगृहांत कृष्णवर्णीय प्रेक्षकांना वेगळे बसवले जाई.

जमीन महाग, म्हणून आकाशाकडे

टोरांटोतील या इमारतीचा धनी होता मार्कस लो. १८७० साली न्यूयॉर्कमध्ये एका गरीब ज्यू स्थलांतरित कुटुंबात जन्मलेल्या लो यांनी आधी फरच्या व्यापारात हात आजमावला आणि नंतर नाणे टाकून चित्रे पाहण्याच्या यंत्रांची दुकाने काढली. त्यातून त्यांनी नाट्यगृहांची साखळी उभारली. लो यांचा भर स्वस्त तिकिटांवर आणि व्हॉडव्हिलला चित्रपटाची जोड देण्यावर होता. १९११ च्या जनगणनेनुसार टोरांटोची लोकसंख्या पावणेचार लाखांच्या घरात होती आणि शहर झपाट्याने वाढत होते. कॅनडातील आपल्या साखळीचे मुख्य नाट्यगृह येथे असावे, असे लो यांनी ठरवले.

आराखड्याचे काम थॉमस लॅम्ब यांच्याकडे आले. मूळचे स्कॉटलंडमधील डंडीचे असलेले लॅम्ब हे न्यूयॉर्कमधील नाट्यगृहांचे आघाडीचे वास्तुविशारद. यंग स्ट्रीटवरील जागा मोक्याची आणि म्हणूनच महाग होती. रस्त्याला लागून केवळ प्रवेशापुरती अरुंद पट्टी घ्यायची, त्यातून लांबलचक दालन मागे न्यायचे आणि मुख्य प्रेक्षागृह मागील बाजूच्या जागेवर बांधायचे, ही त्या काळातील अनेक नाट्यगृहांनी वापरलेली युक्ती येथेही योजली गेली. मात्र लो आणि लॅम्ब तेवढ्यावर थांबले नाहीत. न्यूयॉर्कमध्ये तेव्हा गच्चीवरील उद्यान-रंगमंचांची लाट होती. त्याच कल्पनेला छप्पर घालून एका प्रेक्षागृहावर दुसरे पूर्ण प्रेक्षागृह चढवण्यात आले.

खालचे नाट्यगृह 'लोज् यंग स्ट्रीट थिएटर' या नावाने १५ डिसेंबर १९१३ रोजी सुरू झाले. वरचे विंटर गार्डन १६ फेब्रुवारी १९१४ रोजी उघडले. खाली २,१०० हून अधिक आणि वर १,४०० हून अधिक आसने होती. म्हणजे एकाच जमिनीच्या तुकड्यावर सुमारे साडेतीन हजार प्रेक्षकांची सोय झाली.

दोन्हींचा कारभार वेगळा होता. खाली दिवसभर खेळ चालत. प्रेक्षकाने हवे तेव्हा यावे आणि हवे तेव्हा उठावे. वर मात्र संध्याकाळचा खेळ, आसने राखीव आणि तिकीट महाग. खेळात फरक नसे. खाली दिवसभर काम केलेले कलावंतच रात्री वर जाऊन तोच कार्यक्रम सादर करीत. वरच्या प्रेक्षकाला जादा पैशांत मिळत असे ती सजावट, राखीव खुर्ची आणि समाजातील वरच्या थरात बसल्याचे समाधान. वर्गभेदाचे इतके शब्दशः बांधकाम क्वचितच कोठे झाले असेल.

या दोन रंगमंचांवर येऊन गेलेल्यांत गायिका सोफी टकर, जॉर्ज बर्न्स आणि ग्रेसी अ‍ॅलन ही विनोदी जोडी, मिल्टन बर्ल, तसेच चार्ली मॅकार्थी नावाच्या बाहुल्यासह एडगर बर्गन यांची नावे सांगितली जातात. बर्गन हे शब्दभ्रमकार. रामदास पाध्ये यांच्यामुळे मराठी प्रेक्षकांच्या घराघरांत पोहोचलेली ही कला अमेरिकेत व्हॉडव्हिलच्याच रंगमंचावर वाढली.

वर बाग, खाली राजवाडा

दोन्ही प्रेक्षागृहांचा तोंडवळा मुद्दाम परस्परविरोधी ठेवला गेला. खालचे नाट्यगृह युरोपीय राजवाड्याच्या थाटाचे आहे. गिलाव्यात घडवलेली देवदूतांची बालके, फुलांच्या माळा, रंगमंचाभोवतीची सोनेरी कमान, दोन्ही बाजूंच्या उंच बैठका आणि गडद रंगाची वस्त्रे यांनी ते भरलेले आहे. सोन्यासारखी दिसणारी ही झळाळी प्रत्यक्षात अ‍ॅल्युमिनियमच्या वर्खावर पिवळसर रोगण चढवून साधलेली आहे. व्हॉडव्हिलचा प्रेक्षक कारखान्यातून किंवा दुकानातून आलेला असला, तरी दोन-तीन तास त्याला सरदार असल्यासारखे वाटावे, हा या थाटामागील हेतू.

विंटर गार्डनमध्ये पाऊल टाकताच सारे बदलते. भिंतींवर जलरंगांत हाताने रंगवलेल्या फुलवेली आणि जाळीदार मांडव आहेत. बाल्कनीला आधार देणाऱ्या खांबांना झाडाच्या खोडाचे रूप दिले आहे. आणि मान वर केली की छत दिसतच नाही. दिसतात त्या 'बीच' जातीच्या पानझडी वृक्षाच्या फांद्या, त्यांची पाने आणि त्यांतून लोंबणारे रंगीत कंदील. ही पाने चितारलेली वा कागदाची नव्हेत. खऱ्या झाडाच्या फांद्या तोडून, टिकाऊ करून छताला टांगलेल्या आहेत. टोरांटोचा हिवाळा दीर्घ आणि बोचरा असतो. बर्फातून आलेल्या माणसाला सात मजले वर गेल्यावर उन्हाळ्यातील चांदण्या रात्रीच्या बागेत बसल्याचा भास व्हावा, अशी ही योजना होती. नाट्यगृहाचे नावही त्यावरूनच पडले.

बोलपट आला

मार्कस लो यांनी चित्रपटाला आपल्या नाट्यगृहांत स्वस्त जोडकार्यक्रम म्हणून घेतले होते. पुढे हा जोडकार्यक्रमच मुख्य झाला. आपल्या पडद्यांना चित्रपटांचा अखंड पुरवठा व्हावा म्हणून लो यांनी १९२४ साली तीन चित्रसंस्था एकत्र आणून 'मेट्रो-गोल्डविन-मेयर' या प्रख्यात संस्थेचा पाया घातला. सप्टेंबर १९२७ मध्ये त्यांचे निधन झाले. महिनाभरात, ऑक्टोबरमध्ये, 'द जॅझ सिंगर' हा बोलता-गाता चित्रपट न्यूयॉर्कमध्ये प्रदर्शित झाला. आता गाणे आणि विनोद ऐकवण्यासाठी कलावंताला गाडीने गावोगावी पाठवण्याची गरज उरली नाही. डब्यातून रिळे पाठवली की भागत असे. १९३२ मध्ये व्हॉडव्हिलची पंढरी समजल्या जाणाऱ्या न्यूयॉर्कच्या पॅलेस नाट्यगृहानेही केवळ चित्रपटांचा मार्ग स्वीकारला आणि एका युगाचा शेवट झाला.

टोरांटोत हा निर्णय त्याआधीच झाला होता. १९२८ साली विंटर गार्डनला कुलूप लागले. खालच्या नाट्यगृहाचे चित्रपटगृह झाले. पडदा सगळ्यांना नीट दिसावा म्हणून पुढे रंगमंचालगतच्या बाजूच्या बैठका काढून टाकण्यात आल्या. नव्या काळाच्या आवडीनुसार जुन्या नक्षीवर रंगाचे थर चढत गेले. १९७८ मध्ये त्याचे नाव 'एल्गिन' असे बदलण्यात आले. तोवर यंग स्ट्रीटच्या या भागाची रया गेली होती आणि पडद्यावर दुय्यम दर्जाचे व प्रौढांसाठीचे चित्रपट झळकत होते.

एकाने दुसऱ्याला वाचवले

वरचे नाट्यगृह या साऱ्या काळात जसेच्या तसे राहिले. त्याचे कारण भावनिक नव्हते. रिकामे प्रेक्षागृह पाडून टाकावे, तर त्याच्या खाली कमाई करणारे चित्रपटगृह होते. त्याचे काही वेगळे करावे, तर सात मजले जिने चढून जाण्यासारखा उपयोग कोणाला सुचत नव्हता. त्यामुळे दार बंद करून सगळे विसरून जाणे हाच सर्वांत स्वस्त मार्ग ठरला. वापरात असलेल्या एल्गिनमध्ये फेरफार होत गेले आणि वापराबाहेर गेलेल्या विंटर गार्डनमध्ये १९२८ साल थांबून राहिले. छताला पाने होती, फक्त ती वाळून धुळीने काळवंडली होती. भिंतींवरची फुले शाबूत होती, त्यांच्यावर काजळी बसली होती. आणि व्हॉडव्हिलच्या दिवसांतील रंगवलेले नेपथ्य कोणीही न हलवल्यामुळे आत तसेच पडून होते.

पुढे याचा मोबदला खालच्या नाट्यगृहाला मिळाला. १९८१ साली ऑन्टेरिओ प्रांताच्या ऑन्टेरिओ हेरिटेज फाउंडेशनने (आताचे ऑन्टेरिओ हेरिटेज ट्रस्ट) ही इमारत विकत घेतली. शहरात जुनी चित्रपटगृहे आणखीही होती. या वास्तूचे वेगळेपण होते ते डोक्यावरच्या बंद नाट्यगृहात. १९८२ मध्ये कॅनडा सरकारने या जोडवास्तूला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा दिला. पन्नास वर्षे खालच्याने वरच्याला तगवले होते. आता वरच्यामुळे खालचे तगले.

दर्जा मिळाला म्हणून प्रश्न सुटला नाही. एवढ्या मोठ्या वास्तूचा खर्च कसा भागणार आणि प्रेक्षक येथे पुन्हा येतील का, हा खरा प्रश्न होता. त्याचे उत्तर १९८५ मध्ये मिळाले. त्या वर्षी मार्चमध्ये, दुरुस्तीपूर्वीच्याच अवस्थेतील एल्गिनमध्ये 'कॅट्स' या संगीतिकेचा प्रयोग सुरू झाला आणि तो सुमारे दोन वर्षे चालला. शहराच्या या उतरत्या भागातही लोक नाटकासाठी येतात, हे त्यातून सिद्ध झाले. १९८७ मध्ये इमारत बंद करून पुनरुज्जीवनाचे काम हाती घेण्यात आले.

कणकेने पुसलेल्या भिंती

या कामाचे वास्तुविशारद होते मँडेल स्प्राकमन. त्यांच्या निवडीत एक योगायोग दडलेला आहे. १९६९ मध्ये टोरांटोचेच 'अपटाउन' आणि १९७३ मध्ये 'इम्पीरियल' ही दोन जुनी भव्य प्रेक्षागृहे भिंती घालून अनेक छोट्या चित्रपटगृहांत विभागण्याची कामे याच स्प्राकमन यांनी केली होती. तेव्हाच्या चित्रपट व्यवसायाची ती मागणी होती. जुनी नाट्यगृहे कशी तोडतात हे जाणणाऱ्या माणसाच्या हातून यंग स्ट्रीटवरील नाट्यगृह पुन्हा जोडले गेले.

सर्वांत नाजूक प्रश्न विंटर गार्डनच्या भिंतींचा होता. चित्रे जलरंगांतील असल्याने पाणी किंवा साबण लावताच धुळीबरोबर चित्रही वाहून गेले असते. यावर जुनाच उपाय शोधण्यात आला. पावासाठी मळलेल्या कच्च्या कणकेचे गोळे भिंतीवर हलक्या हाताने फिरवण्यात आले. कणीक काजळी टिपून घेते आणि रंगाला धक्का लावत नाही. या कामासाठी शेकडो पौंड कणीक लागली. कोळशाच्या शेगड्यांच्या काळात अमेरिकेत भिंतींचे कागद अशाच लगद्याने साफ करीत असत. लहान मुलांच्या खेळातील 'प्ले-डो' हा मऊ गोळादेखील मूळचा भिंतीचे कागद पुसण्याचाच पदार्थ होता.

छतावरील जुनी पाने ठिसूळ झाल्याने ती बदलणे भाग होते. त्यासाठी बीच वृक्षाच्या ५,००० हून अधिक फांद्या तोडून आणण्यात आल्या. त्या टिकाऊ करून, रंगवून, आगीपासून सुरक्षित करून छताखालील तारांच्या जाळीत एकेक करून विणण्यात आल्या. अग्निसुरक्षेला येथे विशेष महत्त्व होते. १९०३ साली शिकागोच्या इरोक्वॉय नाट्यगृहाला लागलेल्या आगीत ६०० हून अधिक माणसे मरण पावली होती आणि तेव्हापासून नाट्यगृहात आग हा शब्दही उत्तर अमेरिकेत धसका घेऊनच उच्चारला जातो. प्रेक्षकांच्या डोक्यावर सुकी पाने टांगायची तर ती पेटणार नाहीत याची खात्री हवी होती.

खाली एल्गिनमध्ये काम वेगळ्या प्रकारचे होते. तेथे रंगाचे थर खरवडून मूळ नक्षी उघडी करण्यात आली, अ‍ॅल्युमिनियमच्या वर्खाची तीन लाखांहून अधिक पाने चिकटवून झळाळी परत आणण्यात आली आणि काढून टाकलेल्या बाजूच्या बैठका नव्याने घडवण्यात आल्या. विंटर गार्डनच्या खुर्च्या शिकागोच्या बायोग्राफ चित्रपटगृहातून आणण्यात आल्या. १९३४ साली कुख्यात दरोडेखोर जॉन डिलिंजर ज्या चित्रपटगृहातून बाहेर पडताच केंद्रीय तपास अधिकाऱ्यांच्या गोळीबारात ठार झाला, तेच हे बायोग्राफ.

केवळ जुने जतन करून भागणार नव्हते. आधुनिक नाटकांना लागणाऱ्या रंगपटाच्या खोल्या, तालमीच्या जागा आणि तांत्रिक सोयी यांसाठी मागील बाजूस आठ मजल्यांचा नवा भाग जोडण्यात आला. त्यामुळे सुमारे ६५,००० चौरस फूट जागा वाढली. सगळ्या कामाला २ कोटी ९० लाख कॅनेडियन डॉलर खर्च आला. खालच्या नाट्यगृहाच्या पहिल्या खेळाला बरोबर ७६ वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, १५ डिसेंबर १९८९ रोजी, जोडनाट्यगृह पुन्हा सुरू झाले. आसनसंख्या आता कमी आहे. एल्गिनमध्ये सुमारे दीड हजार, तर विंटर गार्डनमध्ये सुमारे एक हजार.

नेपथ्याचा ठेवा

विंटर गार्डनमध्ये सापडलेले नेपथ्य हा अभ्यासकांच्या दृष्टीने इमारतीइतकाच मोलाचा ठेवा आहे. व्हॉडव्हिलच्या रंगवलेल्या पडद्यांचा व चौकटींचा उपलब्ध असलेला जगातील सर्वांत मोठा संग्रह म्हणून तो ओळखला जातो. व्हॉडव्हिलच्या खेळात दोन कार्यक्रमांमध्ये पडदा पाडून प्रेक्षकांना ताटकळत ठेवणे परवडत नसे. म्हणून रंगमंचाच्या अगदी पुढच्या पट्टीत, एका रंगवलेल्या पडद्यासमोर, विनोदी जोडगोळी किंवा गायक आपला कार्यक्रम करीत आणि पडद्यामागे पुढच्या कार्यक्रमाची मांडणी चाले. दिवाणखाना, रस्ता, बाग, राजवाडा असे ठरावीक देखावे नाट्यगृहाच्याच मालकीचे असत आणि येणारा प्रत्येक कलावंत ते वापरी. कापडावर रंगवलेल्या या वस्तू वापरून वापरून फाटत आणि फेकून दिल्या जात. त्यामुळे अन्यत्र त्या फारशा उरल्या नाहीत. येथील पडद्यांपैकी फुलपाखरू आणि भुंगेरा यांच्या आकृत्या असलेले संच दुरुस्त करून प्रदर्शित करण्यात आले आहेत. त्यांच्या भडक रंगांवरून त्या काळच्या दिव्यांच्या मंद उजेडाचीही कल्पना येते.

न वाचलेली भावंडे

या इमारतीचे मोल कळण्यासाठी तिच्या समकालीनांचे काय झाले हे पाहिले पाहिजे. १९१४ मध्येच टोरांटोत उभे राहिलेले 'शीज् हिप्पोड्रोम' हे भव्य व्हॉडव्हिल नाट्यगृह १९५७ साली पाडण्यात आले. त्या परिसरात आज नगरपालिकेसमोरील नेथन फिलिप्स चौक आहे. मार्कस लो यांनीच १९२० मध्ये लॅम्ब यांच्याकडून बांधून घेतलेले 'अपटाउन' २००३ साली बंद झाले. त्या वर्षी डिसेंबरमध्ये पाडकाम सुरू असताना त्याचा भाग शेजारच्या इमारतीवर कोसळला आणि तेथील भाषावर्गाचा एक विद्यार्थी प्राणास मुकला. लॅम्ब यांचेच १९२० मधील 'पँटाजेस' हे पुढे 'इम्पीरियल' झाले, सहा तुकड्यांत विभागले गेले आणि अखेर १९८९ मध्ये पुन्हा एकसंध होऊन नाट्यगृह म्हणून उघडले. 'सीएए एड मर्विश थिएटर' या नावाने ते एल्गिनपासून चालत काही मिनिटांच्या अंतरावर आहे.

मुंबईकरांना ही कथा ओळखीची वाटेल. गिरगावातील रॉयल ऑपेरा हाऊस याच काळातले. पंचम जॉर्ज यांच्या हस्ते १९११ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. तेथेही आधी नाटके, मग चित्रपट आणि १९९३ मध्ये कुलूप हा क्रम चुकला नाही. ते पुन्हा खुले होण्यास २०१६ साल उजाडले. दोन्ही ठिकाणी वास्तू टिकली ती पाडणे गैरसोयीचे होते किंवा कोणी तरी पाडू दिले नाही म्हणून. मात्र ती पुन्हा जिवंत झाली ती पैसा, कसबी हात आणि प्रेक्षक या तिन्ही गोष्टी जुळून आल्यावरच. नुसते कुलूप वास्तूला फार तर गोठवू शकते.

आज काय पाहाल?

दोन्ही रंगमंचांवर नाटके, संगीतिका, मैफली आणि समारंभ होतात. टोरांटो आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाचे खेळही येथे झालेले आहेत. गिलेर्मो देल तोरो दिग्दर्शित 'द शेप ऑफ वॉटर' (२०१७) या ऑस्करविजेत्या चित्रपटात नायिकेच्या घराखाली असलेल्या चित्रपटगृहाच्या अंतर्भागाचे चित्रीकरण एल्गिनमध्ये झाले होते.

केवळ वास्तू पाहण्यासाठी जाणाऱ्यांनी मार्गदर्शकासह होणाऱ्या फेरीची वेळ आधी ठरवून घ्यावी, हे उत्तम. फेरीत पुढील गोष्टी आवर्जून पाहाव्यात.

प्रवेशदालन : रस्त्यावरील अरुंद दारापासून मागील प्रेक्षागृहापर्यंत नेणारे हे लांब दालन म्हणजे लॅम्ब यांच्या युक्तीचा प्रत्यक्ष पुरावा.

एल्गिनच्या बाजूच्या बैठका : या नव्याने घडवलेल्या आहेत. मूळच्या नक्षीशी त्यांची सांगड कशी घातली आहे, हे जवळून पाहण्यासारखे आहे.

भव्य जिना : सात मजले वर नेणारा हा जिना चढताना खालच्या श्रोत्यांपासून वरचे श्रोते कसे वेगळे ठेवले जात, ते उमगते. न चढणाऱ्यांसाठी लिफ्ट आहे.

विंटर गार्डनचे छत : मागील रांगेत बाल्कनीखाली उभे राहून वर पाहावे. तेथे पाने हाताच्या अंतरावर वाटतात आणि तारांची जाळीही ओळखता येते.

नेपथ्याचे पडदे : यांच्या कडांवरील झीज आणि दोऱ्यांच्या खुणा पाहाव्यात. त्या हजारो खेळांच्या खुणा आहेत.

थोडक्यात महत्त्वाचे

ठिकाण : १८९ यंग स्ट्रीट, टोरांटो, ऑन्टेरिओ, कॅनडा.

जवळचे भुयारी रेल्वे स्थानक : क्वीन, तेथून चालत काही मिनिटे.

मालकी व व्यवस्था : ऑन्टेरिओ हेरिटेज ट्रस्ट.

वास्तुविशारद : थॉमस लॅम्ब (मूळ बांधकाम), मँडेल स्प्राकमन (पुनरुज्जीवन).

प्रारंभ : एल्गिन १५ डिसेंबर १९१३, विंटर गार्डन १६ फेब्रुवारी १९१४.

फेरीची वेळ : प्रयोगांच्या वेळापत्रकानुसार बदलते, निघण्यापूर्वी ट्रस्टच्या संकेतस्थळावर खात्री करावी. प्रयोगाचे तिकीट काढून गेल्यास त्या संध्याकाळी ज्या प्रेक्षागृहात प्रयोग असेल तेवढेच पाहता येते. दोन्ही रंगमंच पाहावयाचे असतील तर फेरीलाच जावे.

छायाचित्रे : प्रयोग सुरू असताना परवानगी नसते. फेरीच्या वेळी मार्गदर्शकास विचारून घ्यावे.